येमेन: १९९० पूर्वीसारखे दोन देश केले तर प्रश्न सुटेल का?

आडवाटेचा वाचक

येमेनबद्दल मराठीत जे वाचायला मिळतं त्याचे सूर दोनच. एक, इराणच्या पाठिंब्यावर हुती बंडखोर तांबड्या समुद्रात जहाजांवर क्षेपणास्त्रं सोडतात. दोन, उपासमार आणि कॉलरा. दोन्ही खरं आहे, पण मुळात हा देश फुटला का, ते त्यातून कळत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये इस्रायलच्या हल्ल्यात राजधानी सनामधल्या हुती सरकारचा पंतप्रधान मारला गेला. दक्षिणेतल्या एडनमध्ये मात्र वेगळंच सरकार आणि वेगळाच पंतप्रधान, आणि जगाची मान्यता त्यालाच.

जाणकारांना विचारायचंय ते असं. हे भांडण शिया-सुन्नी आहे की उत्तर-दक्षिण? २०११ च्या आंदोलनानंतर सगळ्या पक्षांची मोठी परिषद झाली, तरी युद्ध कसं पेटलं? १९९० पर्यंत दोन देश होतेच, तर पुन्हा दोन केले तर काय बिघडेल? आणि पुढचा अंदाज घ्यायचा तर कोणत्या गोष्टींवर लक्ष ठेवायचं?

जाता जाता: वासुदेव बळवंत फडक्यांना ठेवलं होतं ते एडन हेच ना?

(अमेरिका-इराण-इस्रायल यांत कोण बरोबर यावर तीन धागे चालू आहेत. कृपया ती गाडी इकडे वळवू नका.)


तळटीप

हो, तेच एडन. फडके १८८३ च्या फेब्रुवारीत तिथल्याच तुरुंगात गेले. त्यांना तिथे पाठवलं याचं कारण सरळ आहे: एडन तेव्हा मुंबई इलाख्याचा भाग होतं. १९ जानेवारी १८३९ रोजी कॅप्टन हेन्सने ते ईस्ट इंडिया कंपनीसाठी घेतलं, आणि पुढची ९३ वर्षं त्याचा कारभार मुंबईहून चालला. १९३२ मध्ये ते थेट दिल्लीच्या हाताखाली गेलं, १९३७ मध्ये लंडनच्या. रुपया तर तिथे १९५१ पर्यंत चालत होता. (हेन्सची गंमत म्हणजे हिशेबात घोळ निघाला म्हणून त्यालाच मुंबईत आणून तुरुंगात टाकलं. सुटला आणि काही दिवसांत मुंबई बंदरातच मेला.) एडनच्या पारशी अग्यारीतला अग्नी १९७६ मध्ये विमानाने आणून लोणावळ्यात स्थापन केला, तोही याच इतिहासाचा धागा.

हे सांगायचं कारण नुसती हौस नाही. उत्तर-दक्षिण ही रेघ येमेनी लोकांनी ओढलेली नाही. उत्तरेत ऑटोमन होते, दक्षिणेत ब्रिटिश. दोघांच्या अधिकाऱ्यांनी १९०२ ते १९०५ या काळात डोंगरातून मोजणी केली आणि १९१४ च्या करारात त्यावर शिक्का मारला. चारच वर्षांत ऑटोमन गेले, रेघ राहिली. तिच्या उत्तरेला इमाम (धर्मप्रमुख आणि राजा) याह्याचं राज्य झालं. दक्षिणेला ब्रिटिशांचं लक्ष एडन बंदरावर. मागच्या प्रदेशातले दोन डझन सुलतान, शेख आणि अमीर तनखा देऊन गप्प बसवलेले.

आता शिया-सुन्नी. उत्तरेच्या डोंगराळ भागात झैदी पंथ. तो शिया खरा, पण इराणच्या बारा इमाम मानणाऱ्या पंथापेक्षा वेगळा. त्यांचं धर्मशास्त्र सुन्नींच्या इतकं जवळचं की पिढ्यान्‌पिढ्या दोघे एकाच मशिदीत नमाज पढत आले. किनाऱ्यावर, तैझ शहरात आणि सगळ्या दक्षिणेत शाफी सुन्नी. झैदी इमामांची सत्ता इसवी सन ८९७ पासून मध्ये मध्ये खंड पडत १९६२ पर्यंत चालली. २६ सप्टेंबर १९६२ ला लष्कराने ती उलथवली, आणि पुढची आठ वर्षं यादवी. इमामाच्या बाजूने सौदी, प्रजासत्ताकाच्या बाजूने नासरचा इजिप्त. इजिप्तचं सैन्य ७० हजारांच्या घरात गेलं होतं. म्हणजे सुन्नी सौदी राजघराणं झैदी इमामासाठी पैसे ओतत होतं! त्यामुळे "हजार वर्षांचं शिया-सुन्नी वैर" हे वाक्य दिसलं की तो लेख मिटवायला हरकत नाही.

१९७० मध्ये तडजोड झाली. इमामाच्या बाजूने लढलेल्यांना सरकारात जागा, इमामाच्या घराण्याला नाही. तिकडे दक्षिणेतून ब्रिटिश ३० नोव्हेंबर १९६७ ला निघून गेले आणि मार्क्सवादी गटाने सत्ता घेतली. अरब जगातलं एकमेव मार्क्सवादी राज्य. त्याच वर्षीच्या जूनमध्ये सुएझ कालवा बंद पडला तो १९७५ पर्यंत, म्हणजे एडन बंदराचं कंबरडं जन्मालाच मोडलेलं. सोव्हिएत मदतीवर गाडा चालला. ती मदत आटल्यावर, २२ मे १९९० ला, दक्षिणेने उत्तरेशी विलीनीकरण केलं.

ते कसं केलं ते बघण्यासारखं आहे. अध्यक्षीय मंडळात उत्तरेचे ३, दक्षिणेचे २. संसदेत उत्तरेचे १५९, दक्षिणेचे १११ आणि ३१ नियुक्त. लोकसंख्या मात्र उत्तरेची चारपट-पाचपट. म्हणजे दक्षिणेला वाट्यापेक्षा जास्त मिळालं, पण पहिल्या निवडणुकीपर्यंतच. आणि दोन्ही सैन्यं एकत्र केलीच नाहीत. तुकड्या फक्त एकमेकांच्या मुलखात नेऊन बसवल्या. एप्रिल १९९३ च्या निवडणुकीत दक्षिणेचा समाजवादी पक्ष तिसरा आला आणि वर्षभरात त्याच तुकड्या एकमेकांवर तोफा डागत होत्या. ७ जुलै १९९४ ला एडन पडलं, लुटलं गेलं. दक्षिणेच्या हजारो अधिकाऱ्यांना सक्तीने घरी बसवलं, जमिनी अध्यक्ष अली अब्दुल्ला सालेह (आधी उत्तरेचा, १९९० नंतर एकत्रित देशाचा) याच्या माणसांनी लाटल्या. २००७ मध्ये दक्षिणेत जी चळवळ उभी राहिली ती सुरुवातीला स्वातंत्र्यासाठी नव्हतीच. पेन्शन आणि नोकरी परत द्या, एवढीच निवृत्त अधिकाऱ्यांची मागणी होती.


सरळरेघ

तळटीप यांचा प्रतिसाद उत्तम, पण पंथाचा मुद्दा त्यांनी जरा जास्तच झटकून टाकला.

झैदी-शाफी भांडण जुने नाही, हे मान्य. परंतु झैदी समाजाच्या आतच एक उतरंड आहे आणि हुती समजायचे तर ती लागते. पैगंबरांच्या वंशातले म्हणवणारे सय्यद वर. इमाम फक्त त्यांच्यातूनच. १९६२ नंतर हा वर्ग बाजूला फेकला गेला. उत्तर टोकाचा सअदा हा त्यांचा बालेकिल्ला, तिकडे रस्ते-शाळा सर्वांत शेवटी पोचल्या. वर सौदी पैशावर चालणाऱ्या सलफी (कट्टर सुन्नी) मदरशा सअदाच्या उंबरठ्यावर, दम्माजमध्ये, उभ्या राहिल्या. १९९० च्या दशकातील झैदी पुनरुज्जीवन ही त्यावरची प्रतिक्रिया. त्यातून हुसेन अल-हुती पुढे आला. सप्टेंबर २००४ मध्ये सरकारी फौजेने त्याला मारले आणि २०१० पर्यंत सअदामध्ये एकामागून एक सहा युद्धे झाली. प्रत्येक युद्धानंतर हुती आधीपेक्षा मोठे. सालेहला ते पूर्ण संपवायचे नव्हते, आपल्या प्रतिस्पर्धी सेनापतीला त्यात गुंतवून दमवायचे होते, असे बहुतेक अभ्यासक मानतात. गंमत अशी की सालेह स्वतः झैदी.

आणि आज? २०२० मध्ये सनाच्या सरकारने जकातीच्या (इस्लामी दानकराच्या) कायद्याखाली नियम काढले: खनिजे, तेल, मासे वगैरेंवर पाचवा हिस्सा, आणि त्यातला वाटा बनी हाशिम म्हणजे पैगंबरवंशीयांना. वंशावर आधारित कर-लाभ थेट कायद्यातच. त्यामुळे "हा केवळ राजकीय लढा" म्हणूनही भागत नाही.

परिषदेबद्दल. २०११ च्या आंदोलनानंतर आखाती देशांच्या मध्यस्थीने सालेहने २३ नोव्हेंबरला रियाधमध्ये सही केली. त्याला खटल्यापासून संपूर्ण अभय मिळाले, पक्षाचे अध्यक्षपद त्याच्याकडेच राहिले, देश सोडण्याची अट नव्हती. उपाध्यक्ष हादी फेब्रुवारी २०१२ मध्ये एकमेव उमेदवार म्हणून "निवडून" आला. ज्याला पदावरून काढले तो गावातच, पैसा आणि निष्ठावान पलटणी बऱ्याचशा त्याच्याच, आणि डूख धरून बसलेला. नंतर हुतींना सनाचे दरवाजे उघडून देणारा हाच. २०१७ च्या डिसेंबरात त्याने बाजू बदलायचा प्रयत्न केला तेव्हा हुतींनी त्याला मारले.

राष्ट्रीय संवाद परिषद मार्च २०१३ ते जानेवारी २०१४ चालली. सदस्य ५६५. निम्मे दक्षिणेचे, ३० टक्के महिला, २० टक्के तरुण. कागदावर याहून चांगली परिषद त्या भागात झाली नसेल. शेवटचा प्रश्न मात्र सभागृहात सुटलाच नाही: संघराज्य दोन प्रांतांचे की सहाचे? तो हादीने एका छोट्या समितीकडे दिला आणि तिने दोन आठवड्यांत, १० फेब्रुवारी २०१४ ला, सहा प्रांत जाहीर केले.

नकाशा समोर ठेवून बघा. अझाल प्रांतात सना, सअदा, अमरान, धमार. म्हणजे बराचसा झैदी डोंगर एकत्र, समुद्र नाही, तेल नाही. हुतींना हवा होता तो हज्जा जिल्हा, ज्याला मीदीचे छोटे बंदर आहे, तो तिहामात. त्यांच्या शेजारचा अल-जौफ मारिबच्या तेल-वायूसोबत सबा प्रांतात. दक्षिणेचेही दोन तुकडे: एडन एकीकडे, हद्रामौत-शब्वाचे तेल दुसरीकडे. म्हणजे ज्या दोन गटांकडे तक्रार आणि बंदुका दोन्ही होत्या, नेमके तेच दोघे नाराज. जुलै २०१४ मध्ये सरकारने इंधनावरील अनुदान एका झटक्यात काढले, पेट्रोल साठ टक्क्यांनी महागले, डिझेल जवळपास दुप्पट झाले आणि हुतींना रस्त्यावर उतरायला लोकांच्या मनातला विषय मिळाला. २१ सप्टेंबरला सना त्यांच्या ताब्यात. जानेवारी २०१५ मध्ये राज्यघटनेचा मसुदा घेऊन निघालेल्या अधिकाऱ्याचेच त्यांनी रस्त्यात अपहरण केले. हादी नजरकैदेतून निसटून एडनला पळाला आणि २६ मार्चला सौदीच्या आघाडीने बॉम्बफेक सुरू केली.


रोकडा सवाल

वरचे दोन्ही प्रतिसाद मस्त. पण २०१५ नंतरचं युद्ध समजायला रणांगणाचा नकाशा फारसा उपयोगी नाही. हुतींविरुद्धच्या आघाड्या एप्रिल २०२२ च्या युद्धबंदीनंतर जवळपास जिथल्या तिथे आहेत. खरी लढाई पैशाची चालू आहे.

मध्यवर्ती बँक सनामध्ये होती. युद्ध सुरू झाल्यावरही दीड वर्ष तिने दोन्ही बाजूंच्या सरकारी नोकरांना पगार दिले. ऐकायला विचित्र वाटेल, पण एकमेकांवर गोळ्या झाडणारे दोन्हीकडचे सैनिक एकाच बँकेच्या पगारावर होते. सप्टेंबर २०१६ मध्ये हादीने बँक एडनला हलवली. इमारत हलली, पण यंत्रणा, नोंदी आणि अनुभवी माणसं सनालाच राहिली. सुमारे १२ लाख सरकारी नोकरांपैकी हुती भागातल्या बहुतेकांचे नियमित पगार तिथेच थांबले. शिक्षक, नर्स, पाणीपुरवठ्याचे कर्मचारी, सगळे. पुढच्याच वर्षी कॉलऱ्याचे दहा लाख संशयित रुग्ण झाले. गटारं आणि पाण्याचे पंप चालवणारी माणसं बिनपगारी असतील तर दुसरं काय होणार?

एडनने तूट भरायला रशियातून नोटा छापून आणल्या. डिसेंबर २०१९ मध्ये सनाने त्या नव्या नोटांवर बंदी घातली. नव्या नोटा आकाराने लहान, त्यामुळे हातात घेतल्याबरोबर कळतं. यावर एडनने २०२१ मध्ये जुन्याच मोठ्या आकाराच्या हजाराच्या नोटा बाजारात सोडल्या, म्हणजे त्या उत्तरेतही खपतील. सनाने मग अनुक्रमांकातलं अक्षर बघून त्या नाकारायचा हुकूम काढला. परिणाम असा की एकच देश, एकच रियाल, भाव दोन. सनात डॉलरला साधारण ५३५ रियाल, वर्षानुवर्षं स्थिर. एडनमध्ये २०२५ च्या जुलैत २,८०० पार, मग सौदी मदत, हवाला दुकानांवर कारवाई आणि आयातीचं परकीय चलन एका समितीमार्फत देणं, एवढं झाल्यावर ऑगस्टमध्ये १,६०० च्या आसपास.

सनाचा भाव स्थिर म्हणून तिथली अर्थव्यवस्था धडधाकट, असा अर्थ कृपया काढू नका. तिथे नोटाच मोजक्या आहेत, त्याही फाटून चिंध्या झालेल्या, आणि भाव दंडुक्याने ठरतो. लोकांकडे पैसाच नाही म्हणून महागाई नाही. एडनमधल्या मुलाने सनातल्या आईला एक लाख रियाल पाठवले तर ऑगस्टच्या भावाने तिच्या हातात जेमतेम ३३ हजार पडतात, कमिशन वेगळं. जुलैत २० हजारही पडत नव्हते.

जकातीचंही तेच. एडन बंदरात सीमाशुल्क भरलेला माल उत्तरेत निघाला की अल-राहिदा किंवा अफारच्या नाक्यावर हुती पुन्हा शुल्क घेतात. गहू जवळजवळ सगळा आयात, म्हणजे एकाच पोत्यावर दोनदा कर. उलट माल तांबड्या समुद्रावरच्या, हुतींच्या ताब्यातल्या होदेइदा बंदरात उतरला तर सगळी जकात हुतींची. म्हणून २०१८ मध्ये होदेइदासाठी लढाई झाली, आणि म्हणूनच ती थांबवणाऱ्या स्टॉकहोम करारात "बंदराचं उत्पन्न मध्यवर्ती बँकेच्या होदेइदा शाखेत जमा करून त्यातून पगार द्यायचे" असं कलम होतं. खातं उघडलं, पैसे जमले, पगाराच्या यादीवर एकमत झालं नाही (२०१४ ची यादी धरायची की नंतर भरलेली माणसंही?), आणि हुतींनी २०२० मध्ये पैसे काढून घेतले.

शेवटचा घाव ऑक्टोबर २०२२ चा. हद्रामौतच्या अल-धब्बा तेल-धक्क्यावर टँकर लागत असताना हुतींनी ड्रोन सोडले. कच्च्या तेलाची निर्यात तेव्हापासून बंद पडली. एडन सरकारचं सर्वांत मोठं उत्पन्न दोन-तीन स्वस्त ड्रोननी थांबलं. निरोप स्पष्ट होता: आमच्या भागातले पगार तेलाच्या पैशातून द्या, नाहीतर तेल विकू देणार नाही.


आडवाटेचा वाचक

तिघांचेही आभार, हे एवढं एकत्र कुठेच वाचलं नव्हतं. पण मग माझा तिसरा प्रश्न आणखीनच रास्त ठरतो. बँका दोन, चलनं दोन, सरकारं दोन, जकात नाके दोन. व्यवहारात फाळणी झालेलीच आहे, मग रीतसर का करू नये?


तळटीप

कारण दक्षिण ही एक वस्तू नाही.

१३ जानेवारी १९८६. एडनमध्ये दक्षिणेच्या सत्ताधारी मार्क्सवादी पक्षाच्या पॉलिटब्युरोची (सर्वोच्च समितीची) बैठक. अध्यक्ष अली नासिर मोहम्मद स्वतः आलाच नाही, त्याच्या अंगरक्षकांनी खोलीत शिरून सहकाऱ्यांवर गोळीबार केला. पुढच्या दहा-बारा दिवसांत हजारो माणसं मेली. पक्ष एक, विचारसरणी एक, पंथही एक. फळी पडली ती जिल्ह्यांवरून: अबयान आणि शब्वा एकीकडे, लहज आणि धाले दुसरीकडे. अबयानवाले हरले आणि उत्तरेत पळाले. त्यांच्यातलाच एक अधिकारी म्हणजे हादी. १९९४ मध्ये सालेहच्या बाजूने एडनवर चालून गेला आणि बक्षीस म्हणून उपाध्यक्ष झाला.

आता २०१९ बघा. ऑगस्टमध्ये अमिरातीच्या पाठिंब्यावरच्या, दक्षिण वेगळी मागणाऱ्या दक्षिणी संक्रमण परिषदेने हादीच्या सरकारला एडनमधून हाकललं. परिषदेचा तेव्हाचा प्रमुख झुबैदी धालेचा. तिच्या बऱ्याच पलटणी धाले, याफा आणि लहजच्या. हादीच्या पलटणींत अबयान आणि शब्वाचे लोक भरपूर. नोव्हेंबरात रियाध करार करून दोघांना एका मंत्रिमंडळात बसवलं, एप्रिल २०२२ मध्ये हादीला बाजूला सारून आठ जणांचं अध्यक्षीय मंडळ नेमलं. अध्यक्ष अलिमी तैझचा, एक सालेहचा पुतण्या, एक मारिबचा, एक सअदाचा, झुबैदी, आणि असेच. यातल्या कित्येकांची २०२५ पर्यंत स्वतःची फौज होती आणि तिचा पगार सौदी किंवा अमिरातीकडून येत होता. सैन्य एकत्र करण्याचं कलम १९९० मध्येही होतं, २०१९ मध्येही होतं. दोन्ही वेळा खुर्च्या आधी वाटल्या आणि सैन्य "नंतर".

आणि हद्रामौत. क्षेत्रफळाने देशाचा तिसरा हिस्सा, तेलाचा मोठा साठा, मुकल्ला बंदर, सौदीशी लांब सीमा, विरळ वस्ती. हद्रामी माणूस स्वतःला एडनवाल्याच्या बरोबरीने "दक्षिणी" समजतोच असं नाही. त्याचे संबंध जेद्दा, सिंगापूर, जावा आणि हैदराबादशी. मुकल्ल्याच्या कुऐती सुलतान घराण्याची ताकद निजामाच्या फौजेतल्या जमादारीतून आली. मराठवाड्यात आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेत जे "अरब" होते त्यांच्यात हद्रामी पुष्कळ. १९६७ मध्ये त्यांना कोणी विचारलं नाही, १९९० मध्येही नाही. २०२५ मध्ये तिथल्या टोळ्यांची आघाडी म्हणत होती, तेल आमचं, वीज आमच्याकडे नाही, आम्हाला स्वायत्तता द्या. तेव्हा किनाऱ्यावर अमिरातीने उभी केलेली हद्रामी पलटण होती, आत सेऊनच्या खोऱ्यात उत्तरेकडचे सैनिक भरलेला पहिला लष्करी विभाग. दक्षिण वेगळी करायला निघालात तर पहिली गोळी हुतींशी नाही, सेऊनच्या रस्त्यावर सुटेल असं मला वाटतं. सौदी आणि अमिरात यांचं खरं बिनसेल तर तेही इथेच.


सरळरेघ

सहमत. एक भर. फाळणी झाली तर उरलेल्या उत्तरेचे काय, याचा विचार दक्षिणवादी करतच नाहीत. लोकसंख्येचा मोठा भाग, दोन तृतीयांशाहून अधिक, हुतींच्या हाताखाली आहे. तेल-वायू मारिबमध्ये, आणि मारिब शहर त्यांच्या हाती आलेले नाही. ज्या राज्याकडे माणसे आणि क्षेपणास्त्रे आहेत पण उत्पन्न नाही, ते रेघेच्या अलीकडे स्वस्थ बसेल हे संभवत नाही. तैझ तर रेघेच्या उत्तरेला, पण शहर हुतीविरोधकांकडे आणि कारखान्यांचा हौबान भाग हुतींकडे. पंधरा मिनिटांच्या वाटेला जून २०२४ मध्ये रस्ता खुला होईपर्यंत डोंगरातून पाच-सहा तास लागत. ते शहर कोणत्या देशात टाकणार?


डेकवरून

बाकीच्यांइतका राजकीय अभ्यास नाही, तांबड्या समुद्रापुरतं लिहितो, कारण कोकणातली बरीच मुलं या मार्गावर जहाजांवर आहेत.

बाब-अल-मंदब ही तांबड्या समुद्राच्या दक्षिण तोंडाची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी तीसेक किलोमीटर. हुतींना त्यासाठी नौदल लागत नाही. ट्रकवरची क्षेपणास्त्रं, ड्रोन आणि स्फोटकं भरलेल्या छोट्या बोटी पुरतात. १९ नोव्हेंबर २०२३ ला गॅलेक्सी लीडर हे मालवाहू जहाज पळवलं तेव्हापासून हे सुरू झालं. मार्च २०२४ मध्ये ट्रू कॉन्फिडन्सवर क्षेपणास्त्र पडून तीन खलाशी मेले, उरलेल्यांना आयएनएस कोलकाताने उचललं. अमेरिकेने १५ मार्च ते ६ मे २०२५ बॉम्बफेक केली आणि ओमानच्या मध्यस्थीने थांबवली. पण त्या समझोत्यात इतरांची जहाजं नव्हती. जुलैत मॅजिक सीज आणि इटर्निटी सी, दोन्ही लागोपाठ बुडवली.

निशाणा ठरतो तो झेंड्यावरून कमी आणि मालकीवरून जास्त. जहाज ज्या कंपनीचं, तिचं कोणतंही जहाज इस्रायली बंदरात गेलेलं असेल तर तिची इतर जहाजंही यादीत येतात. ही नोंद जुनी असेल, जहाज विकलेलं असेल, तरी सुटका नाही. ज्यांच्या नोकरीच्या करारात युद्धजन्य क्षेत्राचं कलम आहे त्यांना त्या पट्ट्यात जायला नकार देता येतो, कंपनीच्या खर्चाने घरी परतता येतं, आणि गेलं तर त्या दिवसांचं मूळ वेतन दुप्पट. सही करण्याआधी ते कलम करारात आहे का ते बघा. एजंट "सगळं असतंच" म्हणेल, त्यावर जाऊ नका.


रोकडा सवाल

मूळ धागाकर्त्याचा शेवटचा प्रश्न राहिला: लक्ष कशावर ठेवायचं?

शांतता परिषदांच्या फोटोंवर नको. डिसेंबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या दूताने जो आराखडा जाहीर केला त्यात देशभर युद्धबंदी, पगार, तेलनिर्यात, रस्ते, सना विमानतळ आणि होदेइदा बंदर हे आधी होतं. राज्यघटना वगैरे नंतर. क्रम योग्य होता. तांबड्या समुद्रामुळे तो अडकला आणि मार्च २०२५ पासून अमेरिकेने हुतींना पुन्हा परदेशी दहशतवादी संघटनांच्या यादीत घातल्यावर सौदीला पगाराचे पैसे देणं कायद्याने अवघड झालं. त्यामुळे पहिली खूण: ती यादी, किंवा तिच्यातून पगारासाठी सूट. दुसरी, अल-धब्बाला टँकर लागतो का. लागला आणि ड्रोन आला नाही, तर समजा उत्पन्नाच्या वाटणीवर काहीतरी ठरलंय, जाहीर झालं नसलं तरी. तिसरी, बँकांवरची भांडणं. २०२४ मध्ये एडनने बँकांना मुख्यालयं सनातून हलवायला सांगितली, हुतींनी सौदीला धमकी दिली आणि जुलैच्या अखेरीस हुकूम मागे घेतला गेला. कोण कोणाला झुकवतो ते अशा वेळी दिसतं.

चौथी खूण एडनची वीज. हसू नका. उन्हाळ्यात १८-२० तास वीज जाते तेव्हा तिथलं सरकार रस्त्यावरच्या लोकांमुळे पडायला येतं, हुतींमुळे नाही. डिझेलचं सौदी अनुदान आलं की सरकार टिकतं.

हुतींच्या बाजूचा अंदाज घेणं जास्त कठीण. बाहेरचे हल्ले आणि आतली धरपकड एकत्र वाढते, आणि संयुक्त राष्ट्रांचे डझनावारी स्थानिक कर्मचारी त्यांच्या कैदेत आहेत. अशा वातावरणात मदत आटते, मदत आटली की नाक्यांवरची वसुली वाढते. तिथे लोक कधी उठतील यावर मी पैज लावणार नाही.


आडवाटेचा वाचक

कैद्यांची अदलाबदल मध्ये मध्ये होते असं वाचलं. ती खूण धरायची का?


सरळरेघ

धरायची, पण जपून. दोन्ही बाजूंनी आजवर दिलेला शब्द पाळला असा हा जवळजवळ एकच व्यवहार. ऑक्टोबर २०२० मध्ये हजारावर, एप्रिल २०२३ मध्ये नऊशेच्या आसपास, रेड क्रॉसच्या विमानांनी. तो होतो कारण याद्या करता येतात, मोजता येतात, आणि एका फेरीने कोणाची सत्ता जात नाही.

अडतो कुठे तेही बघा. इस्लाह या हुतीविरोधी सुन्नी इस्लामी पक्षाचे नेते मोहम्मद कहतान यांना हुतींनी एप्रिल २०१५ मध्ये उचलले. तेव्हापासून ते आहेत की नाहीत याचा पत्ता नाही. जुलै २०२४ मध्ये मस्कतला ठरले ते असे: कहतान जिवंत असतील तर बदल्यात ५० हुती कैदी, नसतील तर ५० हुतींचे मृतदेह. करार झाला, पण वर्षभरानंतरही दोन्हीपैकी काय ते हुतींनी सांगितले नव्हते.